एकविसाव्या कडव्याची दुरुस्ती

वयाच्या पंधराव्या वर्षी मी देवीचं स्तोत्र दुरुस्त केलं. देवीला न विचारता केलं, आणि ज्या बाईला विचारायला हवं होतं तिलाही न विचारता केलं. दोन ओळी खोडल्या, दोन नव्या घातल्या, आणि त्या इतक्या बिनचूक होत्या की आजही त्यांच्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे करता येणार नाही. तीच तर पंचाईत झाली. गाढवपणा गाढवपणासारखा दिसला असता तर कुणीतरी वेळेवर माझा कान धरला असता. माझा गाढवपणा शुद्ध वृत्तात होता.

आता हे लिहायला बसले ते रेवामुळे. रेवा माझी नात, ठाण्याला राहते आणि रविवारी माझ्याकडे जेवायला येते. मागच्या रविवारी तिने फोन माझ्या तोंडापुढे धरला आणि आमच्या घरातलं स्तोत्र माझ्याकडून सगळं म्हणवून घेतलं. मग कानात बोंडं घालून ऐकत बसली आणि म्हणाली, "आजी, मस्त झालंय. फक्त शेवटच्या कडव्यात तू लूज पडतेस. बीट तुटतोय तिथे. मी तेवढं कट करून नीट जोडते, कळणारपण नाही कोणाला." मी म्हटलं, "तिथं बोट लावलंस तर बोट मोडीन." पोरगी हसायला लागली. तिला वाटलं, म्हातारीचा अभिमान दुखावला. तिला सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं, कारण ती ऐकताना फोन बघते.

तेव्हा आम्ही डोंबिवलीच्या ठाकुर्लीकडच्या टोकाला राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे भातखाचरं. पॉवर हाऊसच्या भोंग्यावर आमचं घर चालायचं. भोंगा झाला की आई तांदूळ वैरायची, पुढच्या भोंग्याला अण्णा सायकल काढायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेत कारकून. ते कधी ओरडत नसत. ते चष्मा काढून पुसत, आणि चष्मा पुसून होईपर्यंत समोरचा आपली चूक आपणच कबूल करून मोकळा व्हायचा. घरात चौथं माणूस अक्का. अक्का म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे परत आली ती तिथेच राहिली, आणि भाऊ गेल्यावर पुतण्याकडे, म्हणजे आमच्याकडे. सगळं घर तिला अक्का म्हणायचं, शेजारपाजार अक्का म्हणायचा, दूधवालाही अक्का म्हणायचा. तिला दुसरं काही नाव असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. भिंतीला भिंतच म्हणतात, तसं.

वर्षभर अक्का घरात असायची म्हणजे कुठल्यातरी कोपऱ्यात काहीतरी निवडत असायची. पण नवरात्रातल्या अष्टमीला ती घराच्या मधोमध बसायची. आमच्याकडे त्या दिवशी घटावर एकवीस फुलांची माळ चढायची आणि तिची रीत ठरलेली होती. सुईने ओवायची नाही, देठाला दोरा गुंडाळून गाठ मारत न्यायची. बाकी बायकांनी भोवती बसून गावदेवीचं स्तोत्र म्हणायचं आणि अक्काने त्या तालावर माळ करायची. एकवीस कडवी, एकवीस शेवंत्या. प्रत्येक कडव्याच्या पहिल्या तीन ओळी होईपर्यंत फूल उचलायचं, देठ धरायचा, दोऱ्याचा वेढा घालायचा. चौथी ओळ सगळ्या कडव्यांना एकच, आणि तिच्यावर गाठ आवळायची. पहिलं कडवं असं होतं:

उजाडे, तुझ्या ओटिला ऊन आले,
तुझ्या पाखरांचे थवे दूर गेले,
तुझी ओळखू ये मला चाहुली गे,
नमो गावदेवी, नमो माउली गे.

'नमो गावदेवी'ला दोऱ्याचं टोक दातात, 'नमो माउली'ला टोक ओढलेलं, 'गे'ला गाठ बसलेली. पुन्हा नवं फूल. स्तोत्र मध्ये थांबवायचं नाही, माळ मध्ये खाली ठेवायची नाही. एकविसावी गाठ साऱ्या माळेला धरून ठेवणारी, त्यामुळे ती चुकली तर आधीच्या वीस मारल्याचा काही उपयोग नाही. लहान असताना मला वाटायचं, तीच ती ओळ एकवीस वेळा कशाला? देवीला काय ऐकायला कमी येतं? हा प्रश्न मी विचारलाही होता. अक्का म्हणाली होती, "हाताला वेळ नको का गं?" मी त्या उत्तराकडे लक्ष दिलं नाही. शहाण्या मुली अशिक्षित म्हाताऱ्यांच्या उत्तरांकडे लक्ष देत नाहीत.

आणि मी फार शहाणी होते. त्या वर्षी शाळेत आम्हाला वृत्तं शिकवली. लघु, गुरू, गण. माझ्या अंगातच ते आलं. आई आतून "शकू, ताट पुसायला ये" म्हणाली की मी ओट्यावर बसून त्याचे गण पाडायची आणि आत यायची ती, "आई, तुझा तिसरा गण चुकला" असं म्हणत. आईने त्यावर एकदा लाटणं दाखवलं, ते मात्र कुठल्याही वृत्तात अचूक बसलं असतं. आमचं स्तोत्र भुजंगप्रयातात आहे हे कळलं त्या दिवशी तर मी घरभर नाचले. लहान अक्षर, मोठं, मोठं. लहान, मोठं, मोठं. ओळीत चार वेळा. चला ना, बसा ना, उठा ना, निघा ना. मी ते कडवं कडवं करून तपासलं. वीस कडवी अशी चोख की एक अक्षर डुगडुगत नव्हतं. आणि एकविसावं मात्र लंगडं.

स्तोत्र आजोबांनी केलेलं, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हातची लाल पुठ्ठ्याची वही होती आणि शेवटच्या कडव्यात, जुने कवी घालत तसं, त्यांनी आपलं नाव घातलं होतं:

फुला देठ देसी, मना दे प्रमोदा,
तुझी माळ ओवी दास विश्वनाथ,
तुझ्या पायरीची मला सावली गे,
नमो गावदेवी, नमो माउली गे.

दुसऱ्या ओळीत अक्षरं मोजून बारा भरतात, पण लहानमोठी चुकीच्या जागी. म्हणायला गेलं की 'दास'पाशी ठेच लागते. यमक तर नाहीच. 'प्रमोदा'ला 'विश्वनाथ' कुठून जुळणार? दरवर्षी सगळ्या बायका तिथे अडखळायच्या. कुणी 'दाऽऽस' लांबवायची, कुणी नुसतं गुणगुणायची, कुणी मागे राहायची, आणि एवढा गलबला होऊन मग 'तुझ्या पायरीची'ला पुन्हा सगळ्यांची मोट बांधली जायची.

त्या वर्षी अण्णांच्या मनात आलं की बाबांचं स्तोत्र छापून काढावं. कल्याणला एका छोट्या छापखान्यात त्यांची ओळख होती. चांगल्या अक्षरात प्रत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी वीस कडवी उतरवली आणि एकविसाव्यापाशी टाक उचलून बसले. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी विहिरीवर कपडे पिळताना एकदम जमलं, आणि हातातली चादर तशीच टाकून आत पळाले:

फुला देठ देसी, तुझ्या पायि माथा,
तुझी माळ लाभो तया विश्वनाथा.

काय सांगू तुम्हाला! आजही वाचताना त्या कार्टीचं मला थोडं कौतुक वाटतं आणि मग लगेच तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. वीस कडवी ज्या हाताने एका अक्षराची चूक न करता रचली, तो हात नेमका आपलं नाव लिहिताना कसा लटपटला, हे विचारायचं त्या कार्टीला सुचलं नाही. 'प्रमोदा' हा शब्द यमकाची वाट बघत तिथे उभा होता, तो तिने सरळ हाकलून दिला.

अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पण चांगल्या कारणाने. दोन्ही ओळी हळू म्हणून पाहिल्या. "बाबांच्या हातून घाईत राहिलं असणार," म्हणाले. "छान बसवलंस. बाबांना आवडलं असतं." अण्णांनी मला 'छान' म्हटल्याची ही पहिली वेळ होती. अक्का तेव्हा चार हातांवर बसून वाल सोलत होती. तिला वाचून दाखवावं असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. तिला कुठे वाचता येत होतं?

अष्टमीला दुपारी चारला बायका जमल्या. आठ-दहा शेजारणी, दोन नातलग विठ्ठलवाडीहून आलेल्या. आत आई भोपळ्याचे घारगे तळत होती. अण्णांनी प्रत्येकीच्या हातात गुलाबी कव्हराची पुस्तिका दिली. कव्हरावर आजोबांचं नाव. मी अक्काला अगदी लागून बसले होते, फुलांचं ताट पुढे करायला. शेवंतीचा तो कडसर वास, तेलाचा वास, आणि छपाईच्या शाईचा. एकविसाव्या कडव्याला बायकांची तोंडं कशी होतात ते बघायला मी टपून बसले होते. कवयित्रीच झाले होते ना मी!

स्तोत्र सुरू झालं. अक्का डोळे मिटून माळ करायची, बोटं आपली आपण चालायची. दहा कडवी झाली, पंधरा झाली. मी ताट सरकवत होते. वीस. अक्काने शेवटची शेवंती उचलली, दोऱ्याचा वेढा घातला. 'फुला देठ देसी', आणि पुस्तिका वाचणाऱ्या बायका घसरगुंडीवरून सुटल्यासारख्या सुटल्या. 'तुझी माळ लाभो तया विश्वनाथा', कुठे ठेच नाही, कुठे गलबला नाही, सरळ तिसऱ्या ओळीत. मी अक्काकडे पाहिलं. तिने डोळे उघडले होते. ओठ थोडे विलगले होते आणि बोटं वेढ्यावर थांबली होती. गर्दीत रस्ता ओलांडायला फट मिळेल म्हणून माणूस एक पाऊल पुढे टाकून थांबतं, तशी ती थांबली होती. फट आली नाही. 'नमो गावदेवी' आलं आणि 'नमो माउली गे' निघून गेलं. अण्णांनी घंटा उचलली. घंटा वाजण्याआधीच्या क्षणभरात अक्का श्वासात म्हणाली, "…उभी ही यशोदा." माझा कान तिच्या खांद्याशी होता म्हणून मला ऐकू आलं. तिने दोरा ओढला तेव्हा गाठीची ओळ केव्हाच संपली होती. वेढा सुटला, एकविसावी शेवंती तिच्या मांडीवर पडली आणि तिच्यामागून चार-पाच फुलं एकामागोमाग निसटली.

अण्णांच्या हातातली घंटा तशीच राहिली. "अगंबाई," कुणीतरी म्हणालं, "माळ सुटली हो!" माळ सुटली असं आमच्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. अक्का मांडीवरची फुलं गोळा करत म्हणाली, "बोटं वळत नाहीत आता. वय झालं." अण्णांनी घंटा खाली ठेवली आणि चष्मा काढला. "असू दे अक्का," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पुष्कळ वर्षं केलीस. पुढच्या वर्षीपासून माळ शकू करील. तू आराम कर." बायका माना हलवायला लागल्या. हो बाई, किती करायचं त्यांनी. अक्काही मान हलवत होती. फक्त हातातला दोरा तिने सोडला नव्हता. तो तिने बोटाला इतका आवळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

मी उठून आत पळाले. आई झाऱ्याने घारगा उलटत होती. "आई, यशोदा कोण?"

"काय झालं बाहेर? एवढं शांत का?"

"आई, सांग ना. यशोदा कोण?"

"अक्कांचं माहेरचं नाव आहे ते. तुला कुणी सांगितलं? मामंजी गेल्यापासून त्यांना त्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि डोक्यात, माझी इच्छा नसताना, लघु-गुरू पडायला लागले. लहान, मोठं, मोठं. य-शो-दा. 'तुझी माळ ओवी उभी ही यशोदा.' चारही गण जागच्या जागी. 'प्रमोदा'ला 'यशोदा'. पुढचं तर माझ्यासारख्या मठ्ठ मुलीलाही कळलं असतं: आजोबांनी जन्मात एक फूल बांधलं नव्हतं. देठ, वेढा, गाठ यांना किती वेळ लागतो, कुठे श्वास घ्यायचा, हे ज्या हातांना माहीत होतं त्यांच्या मापाने प्रत्येक कडवं बेतलेलं होतं. आणि दरवर्षी सगळ्या बायका अडखळायच्या तेव्हा त्या गलबल्यात अक्का आपली खरी ओळ म्हणून घ्यायची आणि मग गाठ मारायची. तेवढीच तिची जागा होती. मी ती लिंपून गुळगुळीत करून ठेवली होती, आणि आता तिची माळही मलाच मिळणार होती.

बाहेर जाऊन खरं सांगावं तर अण्णांच्या हातात आजोबांच्या नावाची पुस्तिका, भोवती दहा-बारा बायका, आणि अक्का त्यांच्या घरात राहणारी. न सांगावं तर तो पांढरा पडलेला बोटाचा शेंडा. "शकू, रडतेस कशाला?" आई म्हणाली, पण मी बाहेर आलेच.

"अण्णा, अक्काचं चुकलं नाही. माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कानेही पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच भीती दिसली. आता ही कार्टी काय बोलते याची.

"मी ओळ बदलली ना, त्यामुळे तिचा हात चुकला. तिला जुन्या ओळीची सवय आहे. वहीत आहे तसं शेवटचं कडवं परत म्हणू या. माळ होईल."

"छापलेलं बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

"वृत्तात बरोबर आहे. पण आजोबांनी लिहिलं तसं नाही. देवीलाही सवय झाली असेल."

"देवीच्या सवयी आता तू मला सांगणार?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी आयुष्यात अनेक गोष्टींची वाट पाहिली, दहावीच्या निकालाची, बाळंतपणाची, ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या दिव्याची. पण एक चष्मा इतका वेळ पुसला जाताना पुन्हा कधी पाहिला नाही. अक्काने तेवढ्यात मांडीवरची फुलं मुकाट्याने परत बांधून घेतली होती. वीस गाठी झाल्या होत्या, एकविसावी शेवंती बोटांत होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

शेवटी अण्णांनी चष्मा घातला. "ठीक आहे. बाबांची ओळ आहे. बाबांच्याच शब्दांत होऊ दे. पुस्तकं मिटा सगळ्यांनी."

पुस्तिका मिटल्या. मी परत अक्काला लागून बसले. 'फुला देठ देसी, मना दे प्रमोदा.' बायकांचा आवाज आता बावचळला होता. 'तुझी माळ ओवी दाऽऽ', आणि झालं, नेहमीप्रमाणे एक पुढे, एक मागे, विठ्ठलवाडीच्या काकूंनी तर मधेच दम घेतला. असा गलबला त्या घरात कधी झाला नसेल. मी माझ्याकडून मोठ्याने अडखळले, दोनदा अडखळले. आणि त्या सगळ्याखालून, माझ्या खांद्याशी, एक बारीक, न चुकणारा आवाज सरळ चालत गेला: 'तुझी माळ ओवी उभी ही यशोदा.' मग 'पायरीची', मग 'सावली', मग 'नमो गावदेवी'. दोऱ्याचं टोक दातात. 'नमो माउली.' टोक ओढलेलं. 'गे.'

गाठ बसली. अण्णांनी माळ हातात घेऊन एकदा हलवून पाहिली. एक पाकळीही पडली नाही. "पुढच्या वर्षीही तूच कर, अक्का," ते म्हणाले आणि घटाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का ओट्यावर ऊन खात बसली होती. अण्णा सायकलवरून गेल्यावर मी तिच्यापाशी जाऊन बसले. मग म्हटलं, "सगळं तूच केलंस ना? एकवीसच्या एकवीस?"

"फुलं बांधताना सुचायचं," ती म्हणाली. "मला लिहिता कुठं येत होतं? मी म्हणायची, दादा लिहून घ्यायचा. शेवटी म्हणाला, बाईचं नाव चारचौघांत नको, मी माझं घालतो. म्हटलं, बसत नाही रे. तर म्हणतो, देवीला चालतं." आणि ती हसली. राग शोधायला मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही.

माझ्यात मात्र रात्रीपासून बेत शिजत होते. सगळ्या पुस्तिका परत गोळा करायच्या. छोट्या चिठ्ठ्या करायच्या, त्यांवर खरी ओळ लिहायची, तिचं नाव ठळक, आणि प्रत्येक पुस्तिकेत चिकटवायच्या. अण्णांना मी सांगीन, ते रागावले तर रागावले. हे सगळं मी एका दमात बोलले. अक्का माझं बोलणं संपेपर्यंत माझ्या वेणीतून सुटलेले केस मागे सारत राहिली. मग उन्हाकडे पाठ करून म्हणाली:

"चिठ्ठ्याबिठ्ठ्या नको चिकटवूस गं. पुढच्या वर्षी आपलं पहिल्यासारखं अडखळा म्हणजे झालं. तेवढ्यात माझं होऊन जातं."